वाढणें, पिकणें आणि सज्ञान होणें: कांहीं इंग्रजी शब्दांचा पाठ

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या गांवांत एका घरचा एक भाऊ कांदा लावितो, तर दुसरा कारखान्यांत कामास जातो. त्यामुळें नोकरीच्या अर्जावर, बँकेच्या पावतीवर व विम्याच्या कागदावर इंग्रजी शब्द रोज भेटतात. ग्रो, मॅच्युअर, राइप आणि ॲडल्ट हे त्यांपैकींच होत. या चोहोंचा अर्थ "मोठें होणें" एवढाच, अशी पुष्कळांची समजूत असते. या समजुतीनें नुकसान होतें. सबब आज आम्ही या शब्दांचा क्रमानें विचार करितों.

पहिला शब्द ग्रो, म्हणजे वाढणें. इंग्रजींत गवतास ग्रास व हिरव्या रंगास ग्रीन म्हणतात. हे तिन्ही शब्द एकाच मुळापासून निघाले आहेत. हिरवेपणानें वाढत राहणें हा ग्रो या शब्दाचा भाव आहे. वाढ पुरी झाली, असें तो सांगत नाहीं.

तें सांगणारा शब्द मॅच्युअर. हा लॅटिन भाषेंतून आला असून, योग्य वेळेस आलेलें, परिपक्व, असा त्याचा मूळ अर्थ आहे. या दोहोंतील भेद रब्बीच्या कांद्यावरून चांगला कळतो. पात हिरवी व ताठ आहे तोंवर कांदा वाढत आहे. पुढें गड्डा भरतो, मान मऊ पडते व पात आपोआप आडवी होते. शेतांतील सुमारें निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या म्हणजे काढणीची वेळ आली, हें आमच्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. आणि 1998 सालीं राजगुरुनगर येथें आलेल्या कांदा व लसूण संशोधन संस्थेचाही सल्ला हाच आहे. भावाच्या लोभानें आधींच उपटलेल्या कांद्याची मान जाड राहते, आणि तो चाळींत लवकर सडतो. तो ग्रो झाला होता. मॅच्युअर झाला नव्हता.

तिसरा शब्द राइप, म्हणजे पिकलेलें. कापणी करणें या अर्थाचा रीप हा शब्द त्याचाच सोयरा आहे. आंब्याचे खांदे भरले, तो पाडाला आला, म्हणजे तो मॅच्युअर झाला. परंतु तो अद्याप हिरवा, कठीण व आंबट असतो. आढींत कांहीं दिवस राहून तो गोड व रसाळ होतो, तेव्हां तो राइप. कोंवळें फळ कार्बाइडनें पिवळें करितां येतें, पण त्यांत गोडी भरत नाहीं. फळें पिकविण्याच्या या रीतीस 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनीं मनाई केली आहे.

वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हे भेद आमच्या भाषेंत पूर्वीपासून आहेत. कोंवळी काकडी, निबर भेंडी, जून शेंग, गाभुळलेली चिंच, पाडाला आलेला आंबा: इतके बारीक शब्द ज्यांच्या तोंडीं आहेत, त्यांनीं इंग्रजीस भिण्याचें कारण नाहीं. त्या शब्दांशीं इंग्रजी शब्द ताडून पाहावे, म्हणजे अर्थ उलगडतो.

आतां मनुष्याविषयीं. ॲडोलेसंट व ॲडल्ट हे एकाच लॅटिन क्रियापदाचे दोन शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ वाढत असलेला, दुसऱ्याचा वाढलेला. 1948 सालच्या कारखाना कायद्यानें 18 वर्षें पूर्ण केलेल्यासच ॲडल्ट म्हटलें, आणि 15 पूर्ण करून 18 पूर्ण न केलेल्यास ॲडोलेसंट. तेव्हां मिसरूड फुटलें म्हणून मुलाच्या अर्जावर ॲडल्ट लिहिणें हें खोटें होय.

मुलींच्या बाबतींत तर ही चूक फारच महाग पडते. "मुलगी वयांत आली, मोठी झाली" असें म्हणून आईबाप स्थळें पाहूं लागतात. वयांत येणें ही शरीराच्या वाढीची एक पायरी आहे. सज्ञान होणें वेगळें. 1875 च्या कायद्याप्रमाणें 18 वर्षें पूर्ण झाल्यावर मनुष्य सज्ञान होतो. इंग्रजी कागदांत त्यास मेजर म्हणतात. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानें विवाहासाठीं मुलीस 18 व मुलास 21 वर्षें पूर्ण असावीं लागतात. ज्या बापास कांद्याची मान पडण्याची वाट पाहतां येते, त्यास लेकीसाठीं थोडीं वर्षें थांबतां येऊं नये काय?

शेवटीं बँकेचा कागद. मुदत ठेवीच्या पावतीवर मॅच्युरिटी डेट असे शब्द असतात. त्यांचा अर्थ मुदत पुरी होण्याची तारीख. त्याआधीं ठेव मोडल्यास बहुधा व्याज कमी मिळतें. म्हणून पावती हातीं येतांच ती तारीख वाचून घ्यावी व घरांतील दुसऱ्या माणसासही सांगून ठेवावी.

अभ्यासासाठीं प्रश्न:

1. पाडाला आलेल्या आंब्यास राइप म्हणावें कीं मॅच्युअर? कां?

2. वयांत येणें व सज्ञान होणें यांत भेद काय?

3. आपल्या घरच्या ठेवीची किंवा विम्याची मुदत कोणत्या तारखेस पुरी होते? कागद काढून वाचा.