ग्राहकाचे स्वागत : उपाहारगृहातील इंग्रजी शिष्टाचार

पावसाळा सरला की गोव्याच्या किनाऱ्यावरील उपाहारगृहे पुन्हा गजबजू लागतात. पेडणे, सत्तरी, डिचोली या तालुक्यांतील मराठी शाळांत शिकलेले कित्येक तरुण तेथे वाढप्याचे काम पत्करतात. त्यांना इंग्रजी अगदीच येत नाही असे नाही. परंतु मनात मराठीत जुळविलेले वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत उतरले म्हणजे ते उद्धट वाटते. पाहुणा नाराज होतो, आणि आपले काय चुकले हे त्या मुलास कळतही नाही.

याचे कारण दोन भाषांच्या घडणीत आहे. मराठीत आदर क्रियापदातच सामावलेला असतो. 'बस' आणि 'बसा' यांत अंतर केवळ एका कान्याचे. इंग्रजीत 'यू' हा एकच शब्द मित्रास, मालकास व लहान मुलासही चालतो. क्रियापदही बदलत नाही. म्हणून तेथे आदर निराळ्या शब्दांनी आणावा लागतो. 'काय पाहिजे?' याचे 'व्हॉट डू यू वॉन्ट?' हे रूप व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण दारातच असे विचारणे म्हणजे 'इकडे कशाला आलात?' असे म्हणण्यासारखे आहे. त्याऐवजी 'व्हॉट वुड यू लाइक टू हॅव, सर?' असे विचारावे. 'सिट हिअर' ही आज्ञा झाली, 'प्लीज हॅव अ सीट' ही विनंती. आपल्या 'बोला' या शब्दासाठी 'टेल मी' न म्हणता 'मे आय टेक युअर ऑर्डर?' म्हणावे.

अभिवादन वेळेनुसार करावे. दुपारी बारापर्यंत 'गुड मॉर्निंग', पुढे 'गुड आफ्टरनून' आणि दिवेलागणीपासून 'गुड ईव्हनिंग'. पाहुणा रात्री दहाला आला तरी 'गुड ईव्हनिंग'च. 'गुड नाइट' हा निरोपाचा शब्द आहे. तो दारात ऐकून पाहुणा उपाहारगृह बंद झाले असे समजेल! एकट्या ग्राहकास 'ओन्ली वन?' असे विचारू नये, त्यात त्याचे एकटेपण दाखविले जाते. 'अ टेबल फॉर वन, मॅडम?' एवढे पुरे.

एक वाक्य मात्र विशेष जपून शिकवावे. जागा रिकामी नसल्यास 'वुड यू माइंड वेटिंग टेन मिनिट्स?' असे विचारतात. याचा अर्थ 'थांबण्यास आपली हरकत आहे का?' असा आहे. पाहुणा 'नो' म्हणाला तर तो थांबण्यास तयार आहे. तो नकार समजून 'सॉरी' म्हणत त्याला वाटेला लावू नये. शिक्षकांनी वर्गात एकास ग्राहक व दुसऱ्यास वाढपी करून हा प्रश्न दहा वेळा घोटून घ्यावा.

रशियातून येणाऱ्या अनेक पर्यटकांचे इंग्रजी आपल्याइतकेच बेताचे असते. त्यांच्याशी वाक्ये आखूड व सावकाश बोलावीत, पण 'प्लीज' गाळू नये. आणि बेळगाव-कोल्हापूरकडचे कुटुंब आले, तर 'या, बसा' म्हणावे. तेथे इंग्रजीचे काम नाही.