जुनं फांद्या-कुट्टी यंत्र : घ्यायचं कसं, वापरायचं कसं आणि त्यातून शिकवायचं काय?



मे महिना आला की शाळेच्या आवारातल्या झाडांची छाटणी होते. सुबाभूळ, गुलमोहर, कडुनिंब यांच्या फांद्यांचा डोंगर कुंपणाशी साठतो. पुढे काय होतं, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. एक दिवस कोणीतरी काडी लावतं आणि धूर वर्गात शिरतो. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कचरा जाळायला मनाई केली. बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायलाही सांगितलं. पण ठेवून त्याचं करायचं काय?

आमच्याकडे यावर जुनं कुट्टी यंत्र घ्यायचं ठरलं. कडब्याची कुट्टी करतात ना, तसंच, पण फांद्यांचे तुकडे करणारं. बंद पडलेल्या एका रोपवाटिकेतलं यंत्र निम्म्याहून कमी किमतीत मिळत होतं. आम्ही पैसे द्यायच्या बेतात होतो. तेवढ्यात व्यवस्थापन समितीतले एक पालक पुढे आले. वाकून बघितलं आणि विचारलं, "गुरुजी, याच्या तोंडाची पेटी कुठाय?" विकणारा म्हणाला, "काढून टाकली, काम पटापट होतं." त्या पालकांनी काही न बोलता आपला उजवा हात पुढे केला. दोन बोटं नव्हती. कडबाकुट्टीत गेली होती.

ते यंत्र आम्ही घेतलं नाही. दुसरं शोधायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जे शिकलो, ते तुमच्यासाठी लिहितोय.

१. यंत्र चालतं कसं?

आत एक जड तबकडी असते आणि तिच्यावर धारदार पाती बसवलेली असतात. समोर एक स्थिर पातं असतं. फांदी या दोघांच्या मध्ये सापडते आणि कात्रीसारखी कापली जाते. फिरती पाती फांदीला स्वतःच आत ओढतात. धोका इथेच आहे.

आता फळ्यावर गणित मांडा. समजा तबकडीवर २ पाती आहेत आणि ती मिनिटाला १५०० फेरे घेते. म्हणजे मिनिटाला ३००० काप, सेकंदाला ५०. प्रत्येक कापाला ५ मिलिमीटरचा तुकडा पडला, तर फांदी सेकंदाला २५ सेंटिमीटर आत जाते. बाही फांदीत अडकली आणि बटण बंद करायला दुसऱ्या माणसाला २ सेकंद लागले, तर ५० सेंटिमीटर! सातवीतल्या मुलाचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत मोजून बघा. मग तोंडाची पेटी लांब का असते, हे वेगळं सांगावं लागणार नाही. हात पात्यापर्यंत पोचूच नये, एवढ्यासाठीच ती असते.

२. बटण बंद म्हणजे यंत्र बंद नव्हे

तबकडी २० किलोची आणि त्रिज्या २० सेंटिमीटर धरा. १५०० फेऱ्यांच्या वेगाला तिच्यात सुमारे ४९०० ज्यूल गतिज ऊर्जा असते. ५० किलोची गोणी १० मीटर उंचीवरून पडताना जेवढी ऊर्जा देते, तेवढी. वीज तोडली तरी ही ऊर्जा लगेच संपत नाही, तबकडी फिरतच राहते. फांदी अडकली म्हणून लगेच हात घालणारा माणूस इथेच फसतो. नववी-दहावीच्या मुलांना 'जडत्व' शिकवायला याहून जवळचं उदाहरण मला सापडलेलं नाही.

३. जुनं यंत्र बघताना

प्लग काढलेला असतानाच तपासणी करायची.

- तोंडाची पेटी, पट्ट्यावरचं झाकण, बाहेर फेकणारी नळी आणि तोंडावरचा रबरी पडदा जागेवर आहेत ना? एकही नसेल तर परत फिरा.
- तबकडी काठीने हळूच फिरवा. खरखर आली किंवा शाफ्ट हलला, तर बेअरिंग गेलेलं आहे.
- पात्यांच्या बोल्टच्या भोकांशी तडा किंवा नव्याने केलेलं वेल्डिंग दिसलं, तर घेऊ नका. फिरत्या भागाची अशी डागडुजी धोक्याची असते.
- पात्यांना अजून किती वेळा धार लावता येईल आणि नवी पाती मिळतात का, हे विचारा. धार लावताना सगळी पाती सारखीच घासावी लागतात, नाहीतर तोल जाऊन यंत्र थरथरतं.
- मोटारीवरची पट्टी वाचा. ३ अश्वशक्ती म्हणजे सुमारे २२४० वॅट. सिंगल फेजवर एवढी मोटार १५ अँपिअरच्या आसपास वीज घेते आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट. वर्गातल्या पंख्याच्या बोर्डावर ती लावायची नाही. वेगळी लाइन आणि अर्थिंग हवंच.
- मग रिकामं १० मिनिटं चालवून ऐका आणि शेवटी एक ओली फांदी घाला. तुकडे स्वच्छ पडले तर ठीक. दोरे-दोरे निघाले तर धार गेलेली आहे, किंवा दोन पात्यांमधली फट वाढलेली आहे.

४. वापरताना

यंत्र शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशीच चालवायचं, आणि दोन मोठ्या माणसांनी मिळून. एक फांद्या घालणार, दुसरा बटणापाशी थांबणार. ओढणी, पदर, सैल बाही, बांगड्या, मनगटातले दोरे, काही नको. डोळ्यांना चष्मा, कानांना झाकण हवं. तोंडासमोर उभं न राहता बाजूला उभं राहायचं. फांदीचं जाड टोक आधी. शेवटचा तुकडा हाताने नाही, दुसऱ्या फांदीने ढकलायचा. अडकलं तर बटण बंद, प्लग बाहेर, तबकडी पूर्ण थांबेपर्यंत वाट, आणि त्यानंतरच झाकण.

फांद्या घालण्यापूर्वी खिळे, तारा, दगड, पताकांची दोरी काढून टाका. ओल्या फांद्या वाळलेल्यांपेक्षा सहज कापल्या जातात. कण्हेर मात्र घालू नका. तिचे सगळेच भाग विषारी असतात.

विद्यार्थ्यांना यंत्राजवळ येऊ द्यायचं नाही, "फक्त बघायला"सुद्धा नाही. त्यांचं काम यंत्र थांबल्यावर सुरू होतं.

५. विद्यार्थ्यांचं काम

- *गणित :* ८ सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्याचं पृष्ठफळ ३८४ चौ. सेंमी. त्याचे १ सेंटिमीटरचे ५१२ ठोकळे केले, तर एकूण ३०७२ चौ. सेंमी. म्हणजे आठपट! बारीक तुकडे लवकर का कुजतात, याचं उत्तर इथे आहे.
- *विज्ञान :* खतासाठी कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण ३० ला १ लागतं. लाकडाच्या तुकड्यांत कर्ब त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून शेण, ओलं गवत, पोषण आहाराच्या भाजीची देठं मिसळायची. तुकडे नुसतेच मातीत पुरले, तर जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात.
- *परसबाग :* झाडांभोवती ५ ते ८ सेंटिमीटर जाड थर द्यायचा, पण खोडाला चिकटवायचा नाही. भिंतीपासूनही लांब, नाहीतर वाळवी येते. थर दिलेल्या आणि न दिलेल्या वाफ्याला आठवड्यात किती पाणी लागलं, याची नोंद मुलांनी ठेवायची.

शेवटी एक

मळणीयंत्रांच्या अपघातांनी इतके हात गेले, की देशाला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. कायदा आहे, तरी झाकण काढून टाकणारा माणूसही आहेच. "पटापट काम होतं" हे वाक्य मुलं आपल्याकडूनच ऐकतात.

आमच्या यंत्रावर आज पेटी आहे, पडदा आहे, झाकण आहे. काम थोडं हळू होतं. ते पालक दर सुट्टीला बटणापाशी उभे असतात. ती जागा त्यांनी स्वतः मागून घेतली आहे.

तुमच्या गावात, घरात कडबाकुट्टी असेल, तर आज संध्याकाळी एकदा तिच्या तोंडाकडे बघा. पेटी जागेवर आहे ना?