थंडी पुरवून वापरा

स्टँड मिक्सरला जोडायचं आइस्क्रीमचं भांडं घ्यायचं मनात असेल, तर पैसे मोजण्याआधी मोजपट्टी घेऊन फ्रीजर उघडा. भांडं तोंड वर करून सरळ बसतं का? मागच्या वाटाण्यांच्या पिशव्या न काढता बसतं का? एका दाराच्या छोट्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्याचा या कामी उपयोग नाही. तो कप्पा पुरेसा थंडच होत नाही.

दुसरी तपासणी मिक्सरची. काहींचं डोकं मागे कलतं, काहींचं भांडं कडेच्या दांड्यावरून वर उचललं जातं. जोडणी कुठल्या प्रकाराला बसते ते खोक्यावर लिहिलेलं असतं, पण परदेशातून येणारे नातेवाईक सामान हलकं करायला खोकं तिथेच टाकून येतात. भांडं तिकडून मागवायला हरकत नाही, त्यात वीज नसते. अख्खा मिक्सर अमेरिकेतून आणू मात्र नका. तो तिथल्या ११० व्होल्टवर चालणारा, आपल्याकडे २३०. थेट प्लगमध्ये घातला तर मोटर गेलीच म्हणून समजा.

आमच्याकडे हे भांडं आलं ते ऐन एप्रिलमध्ये, हापूसच्या पेटीबरोबरच. रात्री झोपताना फ्रीजरमध्ये ठेवलं, सकाळी दूध आटवलं, ओट्यावर निवू दिलं, रस घातला आणि दुपारी पाहुणे बसलेले असताना ओतून मिक्सर सुरू केला. अर्धा तास उलटला तरी पळीवरून धार पडत होती. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, वाट्यांत घाला, आम्ही आमरस म्हणून खातो." खाल्लाही. यंत्रात काही बिघाड नव्हता. हिशेब चुकला होता, आणि तो हिशेब कुठल्याच पाककृतीत दिलेला नसतो.

या भांड्याला दुहेरी भिंत असते आणि मध्ये एक द्रव बंद केलेला असतो. तो घट्ट गोठला की जेवढी थंडी साठली तेवढीच आपल्या हाती. मिक्सर फक्त आतलं पातं फिरवतो, गार काहीच करत नाही. जुन्या लाकडी पॉटमध्ये हे दुखणं नव्हतं. बर्फ आणि जाडं मीठ मिळून पार उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं, आणि बर्फ वितळला की मुलं दांडा फिरवत असताना कुणीतरी वरून आणखी चार मुठी टाकत असे. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ साली हाताने फिरवायच्या अशा यंत्राचं पेटंट घेतलं, त्यालाही थंडी बाहेरूनच पुरवायची होती. आपल्या या नव्या भांड्यात मध्येच भर घालता येत नाही.

आता आकडे बघा. एक किलो मिश्रण ३० अंशांवरून ४ अंशांवर आणायला साधारण ९० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. त्यातलं निम्मं पाणी गोठवायला साधारण ११०. म्हणजे ओट्यावर निवलेलं मिश्रण ओतलं, तर भांड्याने द्यायच्या थंडीपैकी जवळजवळ निम्मी ते नुसतं गार करण्यात संपते. गोठवायला उरते ती अपुरी.

म्हणून मिश्रण आदल्या दिवशी करायचं. उकळलं की पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून झटपट गार करा आणि रात्रभर फ्रिजमध्ये, आत मागच्या बाजूला ठेवा. उन्हाळ्यात दूध-साखरेचं मिश्रण तासन्‌तास ओट्यावर ठेवणं पोटाच्या दृष्टीनेही वाईट. भांड्याला फ्रीजरमध्ये किमान १६ तास द्या. मे महिन्यात, सतत उघडझाप होणाऱ्या फ्रिजला, मी पूर्ण दिवस देते. काढताना कानाशी धरून हलवा. आत डुचमळल्याचा आवाज आला तर बेत उद्यावर ढकला, पाहुण्यांना कलिंगड कापून द्या. मध्ये वीज बराच वेळ गेली असेल तर तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. आणि हे काम भर दुपारी करू नका. आइस्क्रीम फिरवण्याची वेळ सकाळी सातची.

भांडं बाहेर आलं की रेंगाळायचं नाही. पातं आधी बसवा, मिक्सर सर्वांत कमी वेगावर सुरू करा आणि मग फिरत्या पात्याभोवती मिश्रण ओता. उलट केलंत, तर भिंतीला लागलेला थर क्षणात गोठतो आणि पातं अडकतं. वेग वाढवून काम लवकर होत नाही. भांडं दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका, हवा शिरून मिश्रण फुगतं. वीस ते तीस मिनिटांत ते मऊ, चमच्यावर उभं राहण्याइतकं होतं. पात्यातून टकटक आवाज येऊ लागला की थांबा. दुकानातल्यासारखं घट्ट त्यात कधीच होणार नाही. ते पुढचं काम फ्रीजरचं: पसरट, उथळ स्टीलच्या डब्यात काढा, वरून प्लास्टिकचा कागद अगदी चिकटवून झाका आणि चार-सहा तास विसरून जा. जितक्या लवकर गोठेल तितके बर्फाचे कण बारीक राहतात, म्हणून खोल डबा नको.

प्रमाण असं: सहा टक्के स्निग्धांशाचं फुलक्रीम दूध अर्धा लिटर, पंचवीस टक्क्यांची साधी क्रीम २५० मिली, साखर १२० ग्रॅम, दूध पावडर तीन चमचे, कॉर्नफ्लोअर एक चमचा, हापूसचा गार रस एक वाटी. अंडं नको असेल तर कॉर्नफ्लोअर पुरतं. जीएमएस आणि सीएमसीच्या पुड्या आणून, गोठवून, पुन्हा मिक्सरमधून काढण्याची आपल्या आयांची पद्धत चांगलीच होती. इथे पातं सतत फिरत असल्यामुळे त्या पुड्यांवाचून माझं काही अडत नाही. 'व्हिपिंग क्रीम' म्हणून मिळणाऱ्या डब्यांवरचं बारीक अक्षर वाचा. बऱ्याच डब्यांत वनस्पती तेल असतं, आणि तसं मिश्रण बाजारात विकायचं झालं तर नियमाने त्याला आइस्क्रीम म्हणता येत नाही, 'फ्रोझन डेझर्ट' म्हणावं लागतं.

साखरेवर हात आखडता घेणाऱ्यांना माझं म्हणणं पटत नाही. साखर गोडीपुरती नसते. तिच्यामुळे पाणी उशिरा गोठतं आणि आइस्क्रीम चमच्याने निघतं. निम्मी केलीत तर सुरी लागेल. शिवाय थंड पदार्थात जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून पातेल्यातलं मिश्रण जरा जास्तच गोड लागायला हवं. मधुमेह्यांनी हे आइस्क्रीम अर्धी वाटी खावं, पण त्यांच्यासाठी सगळ्यांचं बिघडवू नये. दूध पावडर वाढवून भरपाई करायला गेलात तर लॅक्टोजमुळे जिभेवर रेती लागते.

रस आणि दूध, दोन्ही गार असतानाच एकत्र करा. गरम दुधात फळ किंवा गूळ घातला की ते फाटण्याची भीती. सीताफळाचा गर तर गरम करूच नका, कडवट होतो. तो आणि काजूचे तुकडे शेवटच्या दोन मिनिटांत घाला.

भांडं रिकामं करताना लाकडी किंवा सिलिकॉनचा चमचा वापरा, स्टीलच्या डावाने आतून ओरखडे पडतात. धुण्याआधी ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गोठलेल्या भांड्यावर गरम पाणी ओतलं तर भिंतीला तडा जाऊ शकतो, आणि डिशवॉशरमध्येही ते घालायचं नाही. पूर्ण कोरडं करूनच परत फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर आत बर्फाचा थर धरतो. भिंतीतून द्रव झिरपताना दिसला, तर चिकटवायच्या भानगडीत पडू नका, भांडं टाकून द्या.