वायूचे काम आणि चिन्हाची चूक

रसायनशास्त्राच्या पेपरात कार्याचे गणित येते, सूत्रही पाठ असते, पण चिन्ह चुकते आणि हातचे गुण जातात. म्हणून आपण एक उदाहरण नीट समजून घेऊ.

उघड्या चंचुपात्रात १ मोल, म्हणजे ६५.४ ग्रॅम जस्त विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळले, की १ मोल हायड्रोजन तयार होतो. २५ अंश सेल्सिअसला, १ वातावरण दाबाला तो सुमारे २४.५ लिटर जागा घेतो. तेवढी हवा त्याला बाजूला सारावी लागते. हेच दाब-आकारमान कार्य.

कार्य = −(वायूंच्या मोलसंख्येतील बदल × वायू स्थिरांक × केल्विन तापमान)
= −(१ × ८.३१४ × २९८) = −२४७८ ज्यूल

ऋण चिन्ह सांगते, की काम प्रणालीने केले. हीच अभिक्रिया बंद, भक्कम भांड्यात केली तर आकारमान बदलत नाही, म्हणून कार्य शून्य. ती ऊर्जा मग जास्तीची उष्णता म्हणून बाहेर पडते.

स्थिर दाबाला अमोनिया तयार होताना उलट घडते. १ मोल नायट्रोजन व ३ मोल हायड्रोजनपासून २ मोल अमोनिया, म्हणजे चाराचे दोन. येथे परिसर प्रणालीवर काम करतो, चिन्ह धन.

विद्यार्थी मित्रांनो, मोल फक्त वायूंचे मोजा. जस्त आणि आम्ल सोडून द्या. आकडे मांडण्याआधी स्वतःला विचारा : वायू वाढला की घटला? वाढला तर ऋण, घटला तर धन.