शस्त्रकर्मापूर्वीचे लोहकल्प आणि उरलेल्या गोळ्या

अत्यार्तवामुळे पांडुता आलेल्या रुग्णेस गर्भाशयाच्या शस्त्रकर्मापूर्वी काही आठवडे लोह द्यावे लागते. नवायस लोह असो वा फेरस सल्फेट, आमच्या अनुभवात योजना क्वचितच चुकते. औषध पोटातच जात नाही. मग शस्त्रकर्म लांबते किंवा रक्त चढवावे लागते. मल काळा दिसताच रुग्णा घाबरते, मलावष्टंभ झाला की गोळ्या फडताळात राहतात; ‘औषध घेता ना?’ यास उत्तर मात्र ‘हो’ असेच येते. म्हणून आम्ही तसे विचारणे सोडले. ‘किती गोळ्या उरल्या?’ असे विचारावे, डबी आणावयास सांगावी. औषधालयचालकांनीही पुढील औषध नेण्याची तारीख नोंदवून ठेवावी. उशीर झाल्यास वैद्यांना कळवावे.

मल काळा होईल हे पहिल्याच दिवशी सांगावे. (डांबरासारखा चिकट, दुर्गंधी मल मात्र रक्तस्रावाचा असू शकतो.) चहा गोळीपासून दूर ठेवावा, आवळा, लिंबू चालते. रोज सोसत नसल्यास एक दिवसाआड द्यावे, त्याने प्रत्येक मात्रेचे शोषण उलट सुधारते. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन १ ग्रॅमनेही न वाढल्यास मात्रा वाढविण्यापूर्वी गोळ्या मोजाव्यात. स्राव चालू आहे काय, तेही पाहावे. भूलतज्ज्ञांना आपल्या सर्व कल्पांची यादी लेखी द्यावी. ती लपविण्यात कसला मान?