केळीचे टिश्यू कल्चर रोप: प्रयोगशाळेच्या दिव्याखालून परभणीच्या उन्हात आणायला किती खर्च येतो?

गोदावरी, दुधना आणि पूर्णेच्या काठाने, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली, तसेच अर्धापूर-वसमत पट्ट्याला लागून असलेल्या पूर्णा तालुक्यात केळी लावणारा शेतकरी आता कंदांऐवजी टिश्यू कल्चरच्या रोपांकडे वळला आहे. कंदाच्या बागेला काढणीपर्यंत चौदा-पंधरा महिने लागतात. ग्रँड नैनची, म्हणजे आपल्या बोलीतल्या जी-नाईनची, चांगली रोपे अकरा-बारा महिन्यांत घड देतात आणि निसवणही बरीचशी एकाच वेळी होते. पण रोपांची चौकशी करताना फोनवर पहिला आणि बहुतेकदा शेवटचा प्रश्न असतो, "रोप कितीला?" माझे म्हणणे असे, की त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा: "हे रोप नेटखाली किती दिवस होते, आणि उघड्या उन्हात किती दिवस?" दोन रोपवाटिकांच्या दरात तीन-चार रुपयांचा फरक असतो तो बहुतेकदा याच दिवसांचा असतो.

प्रयोगशाळेतले रोप बाटलीत वाढते. खोलीचे तापमान 25 अंशांच्या आसपास, दिवसाला सोळा तास ट्यूबलाइट किंवा एलईडीचा उजेड, बाटलीत जवळपास शंभर टक्के आर्द्रता आणि मुळांशी अगारमध्ये मिसळलेली साखर व क्षार. असे रोप स्वतःचे अन्न फारसे तयार करत नाही, त्याला गरजच पडत नाही. पानावरचा मेणाचा थर पातळ राहतो. पानाची रंध्रे मिटायला शिकलेली नसतात, त्यामुळे कोरड्या हवेत पाणी भराभर उडून जाते. उजेडाचे म्हणाल तर प्रयोगशाळेत तो दोन-तीन हजार लक्स असतो आणि आपल्याकडे निरभ्र दुपारी एक लाखाच्या घरात जातो. त्यात भर म्हणून उन्हातली अतिनील किरणे, जी त्या पानांनी कधी पाहिलेलीच नसतात. म्हणून बाटलीतले रोप एकदम बाहेर ठेवले तर काही तासांत पानावर पांढरे चट्टे येतात, ते करपतात आणि पोंगा वाळतो.

हे टाळण्यासाठी रोपे दोन टप्प्यांत कणखर केली जातात. पहिल्या टप्प्यात रोपाच्या मुळांवरचे अगार धुऊन ते कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये लावतात आणि चार ते सहा आठवडे दमट पॉलिहाउसमध्ये ठेवतात. याला प्राथमिक हार्डनिंग म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात ते माती, वाळू आणि शेणखत किंवा कोकोपीट भरलेल्या पिशवीत जाते आणि शेडनेटखाली सहा ते आठ आठवडे राहते. या काळात पाणी हळूहळू कमी आणि उजेड हळूहळू जास्त करत जायचा असतो. प्रयोगशाळेतली जुनी पाने उन्हाला सरावत नाहीत, ती यथावकाश गळतात. बाहेरच्या उजेडात नवी निघालेली पानेच शेतात टिकतात. म्हणून रोपाचे वय उंचीवरून ठरवू नका, नेटखाली आल्यावर नवी पाने किती आली ते मोजा.

रोपवाटिकेचा खर्च नेमका या शेवटच्या आठवड्यांत वाढतो. जागा अडते, पाणी, मजूर, फवारणी सुरू राहते, काही रोपे मरतात आणि मागून पुढची खेप वाट पाहत असते. मागणी जोरात असली की हे आठवडे कापले जातात. चार आठवडे नेटखाली राहिलेले हिरवेगार, लुसलुशीत रोप गाडीत भरताना फार देखणे दिसते. शेतात तिसऱ्या दिवशी ते मान टाकते.

आता हिशेब मांडू. खाली धरलेले दर उदाहरणापुरते आहेत, तुमच्या हातातल्या कोटेशनचे आकडे त्या जागी घाला. सहा बाय पाच फुटांवर एकरी 1,452 झाडे बसतात. नांग्या भरण्यासाठी पाच टक्के जादा धरली तर 1,525 रोपे लागतात. पूर्ण कणखर केलेल्या रोपाचा दर 18 रुपये धरला तर 27,450 रुपये झाले. घाईत विकल्या जाणाऱ्या रोपाचा दर 14 रुपये धरला तर 21,350. म्हणजे स्वस्त रोप घेणाऱ्याचे पहिल्याच दिवशी 6,100 रुपये वाचले.

समजा त्या स्वस्त रोपांपैकी पंधरा टक्के लागवडीनंतर मेली. ती 218 झाली. हाताशी जादाची 73 होती, म्हणजे 145 पुन्हा आणायची. ती 18 रुपयांनी घेतली तर 2,610, छोट्या गाडीचे भाडे 1,500 आणि नांग्या भरायला दोन मजुरांचे 800, असे एकूण 4,910 रुपये. वाचलेल्या 6,100 मधून हे वजा केले की हातात 1,190 रुपये उरतात. एवढ्यावर थांबलो तर स्वस्त रोपच बरे वाटेल. पण ती 218 झाडे आता बागेच्या महिनाभर मागे आहेत. बाकी बाग कापायला व्यापाऱ्याची गाडी येईल तेव्हा त्यांचे घड पोसलेले नसतील. मागे उरलेल्या थोड्या घडांसाठी व्यापारी पुन्हा गाडी लावत नाही, लावली तर दर पाडून मागतो. घडामागे फक्त 50 रुपये कमी आले तरी 10,900 रुपये गेले. जी रोपे मेली नाहीत पण पंधरा दिवस जागच्या जागी थांबली, त्यांचा हिशेब यात धरलेलाच नाही. म्हणून दर रोपाचा पाहू नये, लागलेल्या आणि वेळेवर निसवलेल्या झाडाचा पाहावा.

बुकिंगही याच हिशेबाने करावे. दोन्ही टप्पे मिळून दहा ते चौदा आठवडे लागतात. जूनअखेरीस मृगबाग लावायची तर मार्चमध्येच रोपवाटिकेशी बोलणे व्हायला हवे. जूनमध्ये फोन केला आणि "उद्या गाडी पाठवतो" असे उत्तर आले, तर ती रोपे कोणाच्या तरी रद्द झालेल्या बुकिंगची तरी असतात किंवा कच्ची तरी. आगाऊ रक्कम देताना पावतीवर वाण, संख्या, रोपे देण्याची तारीख आणि दुय्यम हार्डनिंगचे किमान दिवस लिहून घ्या. मरीचे किती टक्के रोपवाटिका भरून देईल, तेही तिथेच लिहून घ्या. तोंडी कबुली गाडी उतरल्यावर कोणालाच आठवत नाही.

गाडी आली की उतरवण्याआधी पंधरा-वीस पिशव्या निरनिराळ्या थरांतून काढून पाहा. रोप सुमारे 30 सेंटीमीटर उंच, बुंधा सुमारे 5 सेंटीमीटर घेराचा आणि पाच-सहा पूर्ण उघडलेली, जाड, गर्द पाने असावीत. एक पिशवी फाडा. मुळे पांढरी आणि हुंडीभर पसरलेली हवीत. माती सुटून हातात आली आणि मुळे दोन-चारच दिसली तर रोप पिशवीत नुकतेच आले आहे. पाने फिक्की, लांबुडकी आणि रोप उंच पण बारीक असेल तर ते दाट सावलीत वाढले आहे. पानांवर पिवळे-हिरवे पट्टे दिसले तर ती खेप शेतात घेऊच नका, कारण जळगावकडे ज्याला हरण्या म्हणतात त्या कुकुंबर मोझॅक विषाणूची ती खूण असू शकते. हा रोग मावा पसरवतो, आणि एकदा झाडात शिरला की औषध नाही.

रोपे उत्तम निघाली तरी ती लगेच खड्ड्यात लावू नयेत. रोपवाटिकेतले नेट आणि आपले रान यांत फरक असतो. गाडीतल्या प्रवासाने पानेही फाटलेली असतात. विहिरीजवळ किंवा झाडाच्या सावलीलगत आठ दिवसांसाठी मांडव घाला. 1,525 पिशव्यांना अंतर ठेवून 40 चौरस मीटर जागा पुरते. पन्नास टक्क्यांची शेडनेट चौरस मीटरला 30 रुपये धरली तर 1,200, बारा बांबूंचे 80 प्रमाणे 960 आणि उभारणीचा एक रोज 400, असे सगळे मिळून 2,560 रुपये, म्हणजे रोपामागे पावणेदोन रुपयेसुद्धा नाहीत. नेट आणि बांबू जपून ठेवले तर पुढच्या हंगामात मिरची-टोमॅटोच्या रोपांनाही तोच मांडव चालतो.

पहिले दोन दिवस रोपे पूर्ण नेटखाली राहू द्या. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत नेट गुंडाळून ठेवा. पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी अकरापर्यंत आणि दुपारी चारनंतर ऊन लागू द्या. सातव्या दिवशी फक्त बारा ते तीन झाका. आठव्या दिवशी दिवसभर उघडे ठेवा आणि त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात लागवड करा. मध्येच पाने दुपारी मलूल झाली आणि संध्याकाळी सावरली तर घाबरू नका, तो सरावच आहे. सकाळीही मलूल दिसली तर दोन दिवस मागे या. पाणी झारीने थोडे थोडे द्या. पिशवीतली माती पार कोरडी पडू देणे म्हणजे रोप कणखर करणे नव्हे. या आठवड्यात युरिया अजिबात नको, कारण नत्राने पान पुन्हा लुसलुशीत होते. मांडव काकडी, कारले, दोडक्याच्या वेलांपासून लांब हवा, मावा तिथूनच येतो.

हंगामाचा विचार परभणीत विशेष करावा लागतो. मे महिन्यात इथे पारा 42 अंशांच्या पुढे जातो आणि मृगाच्या तोंडावरही कोरडा, गरम वारा सुटलेला असतो. पाऊस चांगला होऊन हवेत ओल येईपर्यंत रोपे मांडवाखालीच थांबवलेली बरी, आठाचे बारा दिवस झाले तरी चालतील. कांदेबाग लावणाऱ्यांना ऑक्टोबरचे ऊन आणि पाठोपाठ डिसेंबरची थंडी, दोन्ही सोसावे लागते. पारा दहा-बारा अंशांच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, म्हणून ती लागवड सप्टेंबरात उरकून रोपाला थंडीपूर्वी दोन महिने मिळावेत. दोन ओळींमध्ये ताग पेरला तर कोवळ्या रोपांना सावली आणि वाऱ्यापासून आडोसा मिळतो, आणि नंतर तोच जमिनीत गाडता येतो. मला हा उपाय नेटपेक्षाही आवडतो, कारण त्याचा खर्च थोड्या बियाण्याचा आहे आणि काळ्या जमिनीला त्याची गरज आहेच. हवामानाचा अंदाज पाहायला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, 'मेघदूत' ॲपवरही मराठीत मिळतो. दोन्हींना पैसे लागत नाहीत. केळीच्या अडचणींसाठी याच विद्यापीठाचे नांदेडचे केळी संशोधन केंद्र जवळ आहे.

परसात तीन-चार केळी लावणाऱ्यांनी किंवा खिडकीत टोमॅटो-मिरचीचे रोप वाढवून गच्चीवर नेणाऱ्यांनीही हेच वेळापत्रक पाळावे. काच बरीचशी अतिनील किरणे अडवते, त्यामुळे खिडकीतल्या उन्हात वाढलेले रोप उन्हाला सरावलेले असते असे समजू नये. त्यांना खर्च काहीच नाही, जुनी पांढरी साडी किंवा पंचा पुरतो.

आता कागदपत्रांकडे वळू. टिश्यू कल्चर रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धत 2006 पासून आहे. तिच्यात प्रयोगशाळेला मान्यता मिळते आणि रोपांच्या खेपेची विषाणूंसाठी तपासणी होऊन तिला प्रमाणपत्र व लेबल मिळते. मान्यता प्रयोगशाळेची आहे, पण आपल्याला लेबल आपल्या खेपेचे हवे. जाहिरातीवर छापलेला शिक्का पुरेसा नाही. अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर करायचा असेल तर लागवडीआधीच तालुका कृषी कार्यालयात चौकशी करून कोणत्या रोपवाटिकेचे बिल चालेल ते विचारून घ्या. बिलात वाण, खेप क्रमांक आणि संख्या हवी. जिवंत रोपांवर जीएसटी नाही, तो लावलेला दिसला तर कारण विचारा.

फसवणूक झालीच तर शेतकरी म्हणून तुम्ही ग्राहक आहात. बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली, राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात, हे स्पष्ट केले आहे. त्यासाठी पुरावा पहिल्या आठवड्यातच गोळा करावा लागतो: गाडी उतरतानाचे तारखेसह फोटो, फाडलेल्या पिशवीतल्या मुळांचे फोटो, रोज मेलेल्या रोपांची नोंद आणि विक्रेत्याला लेखी कळवल्याची प्रत. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज देऊन पंचनामा मागा आणि मेलेली रोपे त्याआधी उपटून टाकू नका. मांडव घालून आठ दिवस रोपे सरावाला ठेवल्याचे फोटोही कामाला येतात, कारण विक्रेत्याचा पहिला बचाव "तुम्हीच भर उन्हात लावली" हाच असतो. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते.