कॅनडातलं घर कोणाच्या नावावर?

प्रश्न : मुलगा टोरांटोत वर्क परमिटवर आहे. आम्ही पुण्याला असतो. आमच्या नावावर तिथे फ्लॅट घेता येईल का?

उत्तर : तुमच्या नावावर नाही. १ जानेवारी २०२३ पासून कॅनडात नागरिकत्व वा कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना नसलेल्यांना शहरी भागात घर घ्यायला बंदी आहे. ती १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली आहे. व्यवहार होऊन जातो, रजिस्ट्रीही होते, म्हणून ‘चालतं हो’ सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. पुढे दहा हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. न्यायालय घर विकायला लावू शकतं, आणि भाव वाढला तरी तुमच्या हाती खरेदीच्या रकमेहून जास्त येत नाही. जाणूनबुजून मदत करणाराही दंडाला पात्र ठरतो.

मुलाच्या परमिटची मुदत खरेदीच्या दिवशी किमान १८३ दिवस शिल्लक असेल, तर तो एक घर घेऊ शकतो. मग आताच का घेऊ नये? कारण ऑन्टारियो प्रांत परदेशी खरेदीदाराकडून किमतीच्या २५ टक्के वेगळा कर घेतो. सहा लाखांच्या फ्लॅटवर दीड लाख डॉलर! चार वर्षांत कायम परवाना मिळाला तर परतावा मागता येतो, पण परवाना मिळेलच हे कोण सांगणार? थांबलो तर भाव चढतील, ही भीती रास्त आहे. पण भाव एकदम २५ टक्के चढावे लागतील, तेव्हा कुठे घाईचं समर्थन होईल. परवाना हाती येईपर्यंत मुलाला भाड्यानेच राहू द्या.